दोराच्या मध्यावरची खूण

मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. तालुक्यांतून आलेल्या बातम्या तपासायच्या, जास्तीचा मजकूर काढायचा, मथळा द्यायचा, पान सोडायचं. या नोकरीबरोबर काही वर्षं मी पुण्याहून निघणाऱ्या प्रस्तरारोहणाच्या एका त्रैमासिकाला लेख आणि फोटो पाठवत होतो. आता पाठवत नाही. तिथे छापून आलेला माझा शेवटचा मजकूर एका पानाचा आहे, त्यावर लेखकाचं नाव नाही आणि त्यात कोणाचंच नाव नाही. तो कसा लिहिला गेला, ते इथे लिहितो.

मी स्वतः चढत नाही. चढायचा तो माझा मित्र. चाळीसगावला आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो. पुढे तो धुळ्यातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक झाला, मी जळगावला पेपरात आलो. त्याची बायको धुळ्यातच एका लॅबमध्ये रक्त-लघवीच्या तपासण्या करायची. लग्नाआधी तिने डोंगर बसच्या खिडकीतून पाहिले होते, तेवढेच. लग्नानंतर तो दर रविवारी कुठे जातो हे पाहायला म्हणून ती एकदा बरोबर आली आणि दोर सांभाळायला शिकली. चढणाऱ्याच्या कमरेला दोराचं एक टोक बांधलेलं असतं. दोर वरच्या खिळ्यांतून अडकवत तो पुढे जातो आणि खाली उभा असलेला माणूस तोच दोर एका कडीतून जरूर तेवढा सोडत राहतो. चढणारा घसरला तर खालच्या माणसाने दोर आवळायचा. वर पोचला की त्याच दोरावर त्याला हळूहळू खाली घ्यायचं. हे खालचं काम तिचं. त्याच्याहून वजनाने ती बरीच हलकी होती, पण तिचा हात कधी घाईत नसायचा. तो म्हणायचा, "शिरेत सुई घालणारा हात आहे. थरथरला तर पेशंट ओरडेल."

त्याचं गाव चाळीसगाव तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगराला लागून. घरी आई नव्हती. वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, एक बैलजोडी घेऊन कापूस आणि मका करायचे. गावामागे अर्ध्या तासाच्या चढणीवर काळ्या दगडाचा एक कडा आहे. त्यावरची वाट मित्राने शोधली, खिळे त्याने ठोकले. चढाईचं सामान धुळ्याच्या दोन खोल्यांत मावत नव्हतं, म्हणून गावच्या घरीच असायचं. मधल्या खोलीत खुंटीला एक सॅक, सॅकमध्ये नारिंगी दोर.

त्रैमासिकाला पहिला लेख पाठवला तेव्हा संपादकांचा फोन आला. पुण्याचे वयस्कर गृहस्थ, आवाज कोरडा.

"खानदेशात कडे आहेत? आम्हाला तिकडून फक्त भरताची वांगी ठाऊक."

हे मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांना म्हणावं, वांगी खायला या. कडा वर देऊ."

लेख छापून आला तेव्हा निम्मा झाला होता. विशेषणं सगळी गेली होती. संपादकांनी सोबत कळवलं होतं की कडा भव्य आहे हे वाचकाला सांगू नका, पकड कुठे संपते ते सांगा. हे मला पटलं. आमच्या पेपरात मीही दुसऱ्यांच्या बातम्यांचं हेच करतो. पुढचे लेख मी मित्रासमोर वाचून दाखवू लागलो. तो पलंगावर आडवा पडून डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच हवेत हात उचलायचा. "थांब. तिथे उजवा हात नाही, डावा. उजवा ठेवलास तर तुझा वाचक पडेल."

बायको आतून म्हणायची, "पडू दे. खाली मी आहे."

फोटोंबाबत संपादकांचा एकच आग्रह होता. चढणारा दिसला पाहिजे आणि त्याला धरणाराही दिसला पाहिजे. मध्ये दोर दिसला पाहिजे. नुसता वरचा माणूस दाखवला की तो सर्कशीचा फोटो होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मी कड्यासमोरच्या सोंडेवर जाऊन उभा राहायचो. तिथून दोघं एका चौकटीत यायची. वर तो, पाठ आणि तळवे. खाली ती, मान वर केलेली, हातात दोर. मध्ये नारिंगी रेघ. माझ्याकडे असे फोटो पुष्कळ आहेत. फोटोखाली मी त्याचं नाव द्यायचो, पण तिचं द्यायला ती नको म्हणायची, कारण लॅबचे डॉक्टर सुट्टीवरून चौकशा करतील. मग ओळ अशी जायची: 'दोर सांभाळणारी सहकारी'. ती अंक उलटून बघायची आणि म्हणायची, "या मासिकात मी म्हणजे दोराचं खालचं टोक."

त्या त्रैमासिकात 'काय घडलं' नावाचं एक पान असे. देशात कुठे चढाईत अपघात झाला तर त्याची हकिगत तिथे यायची. नावं नाहीत, हळहळ नाही. पहिला आरोहक, दोर सांभाळणारा, एवढेच उल्लेख. काय केलं गेलं, काय करायला हवं होतं. संपादक म्हणायचे की बाकीची पानं लोक चाळतात, हे पान वाचतात, कारण त्याने पुढचा माणूस वाचतो. मित्र अंक हातात आला की आधी हेच पान काढायचा.

आता खुणेबद्दल सांगायला हवं. दोर साठ मीटरचा होता. अशा दोराच्या बरोबर मध्यावर कारखान्यातूनच एक काळा पट्टा येतो. खालच्या माणसाला त्यावरून हिशेब कळतो. आरोहक वर पोचला आणि काळा पट्टा अजून आपल्या हातापर्यंत आलेला नाही, म्हणजे निम्म्याहून कमी दोर वर गेला आहे. तेवढाच परत यायला लागणार, म्हणजे त्याला जमिनीपर्यंत आणायला उरलेला दोर नक्की पुरेल. आमचा कडा तीस मीटरला थोडा कमी. पट्टा नेहमी तिच्या हातापासून थोडा अलीकडे थांबायचा. उतरायच्या आधी तो वरून ओरडायचा, "पट्टा आला का?"

"नाही आला."

"मग घे खाली."

हे तीन वाक्यांचं बोलणं मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते झालं की मी कॅमेरा खाली ठेवायचो. उतरतानाचे फोटो छापत नाहीत.

आणखी एक नियम आहे. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारायची, म्हणजे दोर कमी पडलाच तर ती कडीत अडकते. नवीन ठिकाणी ते दोघं गाठ मारायचे. घरच्या कड्यावर मारत नसत. तिथे प्रत्येक वेळी तो खाली टेकल्यावरही तिच्या पायाशी दोराची वेटोळी उरायची.

पावसाळ्यात दगड ओला असतो, त्यामुळे जूनपासून दिवाळीपर्यंत दोर खुंटीला होता. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं कड्यावर गेलो. संपादकांना पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता. सकाळचं ऊन कड्यावर तिरपं येतं, तेवढा वेळ साधायचा होता. आबांनी निघताना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि सुनेला म्हणाले, "त्याले लवकर उतार. दुपारले पऱ्हाटी येचनी शे." कापूस वेचायचा होता.

मी समोरच्या सोंडेवर होतो. तो चढला. चांगला चढला, मला त्या दिवशीचे फोटो आजही तसे वाटतात. वर पोचल्यावर त्याने विचारलं, पट्टा आला का. ती म्हणाली, नाही आला. तो म्हणाला, मग घे खाली. मी कॅमेरा पिशवीत ठेवत होतो. तिचा आवाज आला. शब्द नव्हता. मान वर केली तेव्हा दोर कड्यावरून सळसळत वरच्या दिशेने जात होता आणि तिचे दोन्ही हात रिकामे होते.

दोन माणसांच्या उंचीवरून तो पडला. सपाट जमीन असती तर पाय मोडला असता. कड्याखाली बैलगाडीच्या रुंदीची एक पट्टी आहे आणि तिच्यापुढे उतार. तो पट्टीवर पडला आणि तिथून खाली गेला. मी पोचलो तेव्हा ती त्याच्याजवळ होती. तिने दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली होती, आणि मला बघूनही काढली नाहीत.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या एका दैनिकात चार ओळी आल्या. आमच्या नाही, दुसऱ्या. त्यांत वाक्य होतं, 'पत्नीच्या हातून दोर निसटल्याने'. बातमीदाराने ते पोलिसांकडून घेतलं होतं, पोलिसांनी तिच्याकडून. पंचनाम्यावेळी तिने एवढंच सांगितलं होतं की दोर माझ्या हातून गेला. वाक्य खोटं नव्हतं, अपुरं होतं. पण गावात ते पुरलं.

आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जातात त्याला द्वारदर्शन म्हणतात. अंगणात सतरंज्या टाकलेल्या असतात, येणारे येतात, थोडा वेळ बसतात, निघतात. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या. मी दोन दिवस तिथे बसून होतो, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू आलं. बायकांतली एक म्हातारी, लांबची आत्या, आवाज न दाबता म्हणाली, "दोर धरता येत नही तं गई कसाले?" तिला कोणी गप्प केलं नाही. माझ्या मित्राची बायको तिच्यापासून दोन हातांवर डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिने आत्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या तिच्या बाजूला सरकवला.

पुरुषांकडे आबा बसले होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"भाऊ, दोर तुटना का?"

"नाही आबा. तुटला नाही."

"मंग कसा पडना?"

मी म्हणालो की अजून कळलं नाही. ते खरं होतं. मला काहीच कळलं नव्हतं. खूण तिच्या हातापर्यंत आली नव्हती, म्हणजे दोर पुरायलाच हवा होता.

संपादकांचा फोन दहाव्यानंतर आला. त्यांनी सांत्वनाचे शब्द कमी बोलले आणि जे बोलले ते नीट बोलले. मग म्हणाले, "'काय घडलं' तुम्हालाच लिहावं लागेल. त्या दोघांशिवाय तिथे तुम्हीच होतात."

मी म्हणालो की मी मित्र आहे, मी लिहू नये.

"तुम्ही पेपरवाले आहात. लिहा. आधी दोर मोजा."

गंधमुक्तीचा विधी झाला, पाहुणे पांगले. पोलिसांनी दोर परत दिला होता आणि तो पुन्हा खुंटीच्या सॅकमध्ये गेला होता. मी वहिनींना, मित्राच्या बायकोला, विचारलं, मोजायचा का. त्या सॅक घेऊन अंगणात आल्या. मोजपट्टीची गरज नव्हती. आम्ही दोराची दोन्ही टोकं एकत्र धरली आणि दोर दुमडत शेवटापर्यंत गेलो. काळा पट्टा घडीवर यायला हवा होता. तो घडीपासून बराच दूर, एका बाजूला निघाला. एका अंगाने दोर आठ-नऊ मीटर कमी होता.

मी टोकं तपासली. कापलेल्या दोराचं टोक उसवलेलं दिसतं. ही दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली, गुळगुळीत, कारखान्यातून आल्यासारखी. कुठल्याही टोकावर बोट फिरवून कोणालाही संशय आला नसता.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, गोठ्याच्या बाजूला बघत होत्या. तिकडून आबा येत होते. पाठीमागे दोन बैल पाण्यावर आणलेले. आबांनी अंगणात पसरलेला दोर पाहिला आणि थांबले. मग मला समजावणीच्या सुरात म्हणाले,

"तुटना नही म्हन्ना ना तू? माले ठाऊकच व्हतं. हाऊ दोर तुटावना नही. पोळाले मी ह्याच दोरना कासरा करात दोन्ही बैलस्ले. देख ना. गाडीले वढतस, झटका देतस, तुटना का? नही तुटना. मना पोऱ्या हलकी वस्तू लयेच नही."

माझ्या पोराने कधी हलकी वस्तू आणली नाही, असं ते म्हणत होते. दोन्ही बैलांच्या वेसणींना नारिंगी कासरे होते. तीन महिन्यांच्या धुळीने मळलेले, तरी नारिंगी.

पोळ्याला बैलांना नवा साज करायचा असतो. नवी वेसण, नवा कासरा, गोंडे. बाजारात मिळतं ते घेतात, पण घरात चांगला दोर असला तर त्यातून काढलेलं अधिक मानाचं. आबांना घरातला सगळ्यात चांगला दोर माहीत होता. मुलाचा होता, म्हणजे घरचाच होता. साठ मीटरमधून दोन कासरे गेल्याने काय कमी पडणार? नायलॉनचा दोर कापला की टोक काडीने जाळून बोटांनी दाबतात, नाहीतर उसवतो. शेतकरी हे हात धुतल्यासारखं करतो. आबांनी दोन्ही कासऱ्यांची टोकं जाळली, आणि दोर खराब होऊ नये म्हणून त्याचंही जाळलं. मुलगा त्या पोळ्याला शाळेच्या स्पर्धा घेऊन बाहेरगावी होता. त्याला सांगण्याजोगं त्यांना त्यात काही वाटलं नसावं.

मी तोंड उघडलं. वहिनी म्हणाल्या, "आबा, बैल तहानलेत," आणि त्यांच्या हातातला कासरा स्वतःच्या हातात घेऊन हौदाकडे गेल्या.

नंतर मला गाडीसाठी निघायचं होतं. त्या फाट्यापर्यंत आल्या. मी विचारलं, "तुम्हाला आधी कळलं होतं?"

"तिसऱ्या दिवशी. म्हशीचं दूध काढायला कोणी नव्हतं म्हणून गोठ्यात गेले. बैल वळून बघायला लागला तेव्हा दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलू?"

मी म्हणालो की लोक तुमच्याबद्दल काय बोलतात ते तुम्ही ऐकता. आत्या बोलली ते ऐकलंत. हे सांगितलं की एका वाक्यात सगळं बंद होईल.

"बंद होईल की," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दलचं बंद होईल. मी आठ दिवसांत धुळ्याला जाईन. तिथे कोणी मला ओळखत नाही, रक्त द्यायला येतात आणि दंडावर कापूस दाबून जातात. आबा इथेच राहणार. रोज सकाळी उठून त्याच बैलांना हात लावणार. त्यांचं कसं बंद करायचं, ते सांगा मला."

मी खांद्यावरची पिशवी सावरली.

"आणि गाठ मारली नव्हती," त्या म्हणाल्या. "ती मारायला हवी होती. तेवढं माझं आहेच. तेवढंच आहे असं समजा आणि लिहा."

"ते खरं होणार नाही, वहिनी."

"तुम्हाला खरं माहितीय. मला माहितीय. अजून किती लोकांना लागतं?"

बस आली. त्यांनी माझी पिशवी आत दिली. कॅमेऱ्याची होती. मी ती त्या दिवसापासून उघडली नव्हती.

लिहायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा कुठल्याही मजकुराला लागलेला नाही. आमच्या धंद्यात बातमीला पाच प्रश्न असतात. कोण, काय, कुठे, केव्हा, का. इथे 'कोण' आधीच वगळलेलं होतं, त्या पानाची रीतच तशी. 'का' उरलं. मी पहिल्यांदा सगळं लिहिलं. पोळा, कासरे, जळलेलं टोक. त्यात एकही विशेषण नव्हतं आणि एकही शब्द चूक नव्हता. ते वाचलं आणि ठेवून दिलं. आबांना वाचता येत नव्हतं. पण मुलाचं नाव असलेले सगळे अंक त्यांनी घरात जपले होते आणि मी गेलो की ते मला वाचायला लावायचे. हा अंकही लावणार होते.

दुसऱ्यांदा लिहिलं ते एवढं होतं. पहिला आरोहक वर पोचला. दोराची मध्याची खूण दोर सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या हातापर्यंत आलेली नव्हती, त्यामुळे दोर पुरेल असं दोघांनी गृहीत धरलं. खूण मध्यावर नव्हती. दोर पूर्वी कमी झालेला होता. मोठ्या खंडानंतर वापरताना तो मोजला गेला नाही. मोकळ्या टोकाला गाठ नव्हती. प्रत्येक मोसमाच्या सुरुवातीला दोर मोजा. ओळखीच्या कड्यावरही गाठ मारा.

संपादकांनी फोन केला. "कमी झालेला होता म्हणजे काय? कोणी कापला?"

"ते वाचकाला लागत नाही."

"मला लागतं."

"तुम्हाला सांगतो, पण छापू नका." मी सांगितलं. ते म्हणाले, "'पूर्वी कमी झालेला होता' ठेवा. पुरेसं आहे." त्यांनी मुखपृष्ठासाठी त्या दिवशीचा फोटो मागितला नाही. मीही पाठवला नाही. मुखपृष्ठावर कोणाचा तरी हिमालय आला.

ते त्रैमासिक नावाला त्रैमासिक होतं, अंक निघेल तेव्हा निघायचा. हा निघाला तो श्रावण संपता संपता. मी तो घेऊन गावी गेलो तेव्हा दुसऱ्या दिवशी पोळा होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात. वर्ष सरलं नव्हतं, म्हणून घरात सण नव्हता, पण बैलांचा सण थांबत नाही असं आबांचं म्हणणं. वहिनी धुळ्याहून आल्या होत्या. दर सुट्टीला येतात. गावात त्यांच्याशी बोलणाऱ्या बायका आता मोजक्याच आहेत. त्या अंगणात वाटीत हळद कालवत होत्या.

आबांनी अंक पाहिला. "वाच."

मी 'काय घडलं'चं पान वाचून दाखवलं. दोर पूर्वी कमी झाल्याचं वाक्य तेवढं गाळून एका दमात वाचलं, पेपरात मुद्रितं वाचतो तसं. आबा बैलाच्या खांद्यावर हात ठेवून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं,

"खूण मधमा नव्हती म्हंजे काय?"

मी उत्तर जुळवत होतो. वहिनींनी हळदीतून हात न काढता सांगितलं, "आबा, दोरले काया पट्टा व्हता. पावसायामा पुसाई गया व्हता."

"मंग तुले तो दिसना नही."

"नही दिसना."

आबांनी मान हलवली. त्यांचं कोडं सुटलं होतं. ते बैलाला सोडून तिच्यापर्यंत आले. त्यांच्या बोटांना तूप होतं, म्हणून त्यांनी मनगटाचा मागचा भाग तिच्या डोक्यावर ठेवला.

"व्हई गयं ते व्हई गयं. लोके बोलतस, बोलू दे. मना मनमा तुनाबद्दल काहीच नही, बेटा. मी तुले माफ करेल शे."

"हो, आबा," ती म्हणाली.

ती वाटीकडेच बघत राहिली. हळद कालवून कधीच झाली होती, तरी बोट फिरत होतं. मी अंक मिटला. घरात जाऊन तो बाकीच्या अंकांवर ठेवावा की नाही, हे मला ठरवता येईना, म्हणून हातातच धरून उभा राहिलो.

थोड्या वेळाने ती उठली. हात धुतले. मधल्या खोलीत जाऊन खुंटीची सॅक घेऊन आली आणि दोर अंगणात ओतला.

"आबा, हाऊ दोर आते कोनले लागस? बैलस्ना कासरा करा. आपला करा, शेजारना बी करा. बठ्ठा कापा."

सगळा कापायचा, हे ऐकून आबा दोराकडे बघत राहिले. "त्यानी वस्तू शे."

"म्हनीसनच."

त्यांनी विळा आणला. काडेपेटी आणली. दोराचं एक टोक पायाखाली दाबून ते दोन्ही हात पसरून वावेने मोजू लागले. मला वहिनींनी बाजूला व्हा म्हणून खूण केली, कारण मी दोरावर उभा होतो. मी कॅमेरा नेला नव्हता. विळ्याला दोर ताणलेला लागतो, सैल असला की पातं घसरतं. वहिनींनी दुसरं टोक उचललं, दोन पावलं मागे सरकल्या आणि दोर दोन्ही हातांत घेतला.

आबांनी विळा टेकवला आणि वर न बघता विचारलं, "धरं का?"

"धरेल शे, आबा."